टर्बो गाडी, बोरघाट आणि तापलेलं ऑइल

खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आहे आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. चार माणसं आणि डिकीतलं सामान धरून दीड टनाची गाडी एवढी उंच न्यायची, तर सुमारे ७२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन जळलेल्या इंधनातला पाव हिस्सा, फार तर तीस टक्के, चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे नुसत्या चढापायी पाऊण लिटरच्या वर पेट्रोल जळतं आणि त्यातली १८०-१९० लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन जाते. तेवढ्या उष्णतेत साठ लिटर पाण्याला उकळी फुटेल. आणि हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत.

यातली बरीच उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेली कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, आणि इंजिन ऑइल यांना उचलावी लागते. कंपनीने गाडी बनवताना हा हिशेब घातलेला असतो. आपण टर्बो गाडीची ताकद वाढवून घेतली की तो हिशेब मोडतो, आणि कर्जत-खालापूर पट्ट्यात तर घाट दारातच उभा आहे. म्हणून ऑइलचं तापमान कसं मोजायचं, किती चालतं, आणि जास्त असेल तर कोणत्या क्रमाने उपाय करायचे, ते इथे एकेक पायरी घेऊन पाहू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढतात: मोठा ऑइल कूलर विकत आणतात आणि मग विचारतात, आता हा लावायचा कुठे?

ऑइल नेमकं कुठे तापतं

ऑइल फक्त वंगण नाही. पिस्टनच्या पोटाखाली त्याचे फवारे मारलेले असतात आणि तिथली उष्णता ते उचलतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये त्याचा पातळ थर दाबाखाली घुसळला जातो, तिथे ते आणखी तापतं.

सगळ्यात वाईट जागा टर्बोची. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन पंख्यांसारखी चाकं: एक चाक एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरतं, दुसरं इंजिनात हवा दाबून भरतं. लहान गाडीच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो बहुधा ऑइलच्या थरावरच तरंगत असतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाशी असलेला वायू भर चढावर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तिथून परतलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, पडतं आणि पुन्हा फेरीला निघतं.

आता गाडीत बदल केल्यावर काय होतं ते पाहू. सगळ्यात जास्त केला जाणारा बदल रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून टर्बोचा दाब आणि इंधन वाढवण्याचा. एक लिटर टीएसआय इंजिनाची पोलो कंपनीतून ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर घेऊन बाहेर पडत असे. अशा गाडीचा टॉर्क रिमॅपने पाव हिश्शाने वाढवणं सर्रास चालतं. टॉर्क वाढला म्हणजे तेवढं जास्त इंधन जळलं, आणि त्या प्रमाणात उष्णताही वाढली. रेडिएटर मात्र तोच, चेंबरमधलं ऑइलही तेच चारेक लिटर.

दुसरा बदल मोठ्या इंटरकूलरचा. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती गार करणारी ही जाळी. मोठी बसवली की इंजिनात जाणारी हवा गार होते हे खरं, पण बंपरमागे ती रेडिएटरच्या पुढ्यात येते आणि रेडिएटरची हवा अडवते. एक गार करताना दुसरं तापतं, हे गॅरेजमध्ये क्वचितच कोणी सांगतं.

लोणावळ्याच्या वर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही सरळ रेषेतली ड्रॅग शर्यत भरत आली आहे. तिथल्यासाठी तयार केलेल्या गाड्या पाहून आपल्याकडची पोरं त्याच पद्धतीने गाडी सजवतात. पण ड्रॅगमध्ये इंजिनावर पूर्ण भार पंधरा-वीस सेकंद असतो. चेंबरमधलं ऑइल तेवढ्यात फारसं तापतही नाही. घाटात भार दहा मिनिटं उतरत नाही. धावपट्टीवर बक्षीस घेणारी गाडी खोपोलीच्या चढावर धापा टाकू शकते.

आधी मोजायचं

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नव्हे. शिवाय तो मुद्दाम सुस्त केलेला असतो: कूलंट ७५ अंशांवर असो की १०५ वर, बऱ्याच गाड्यांत काटा मध्यावरच उभा राहतो. आपल्याला तो निश्चिंत ठेवतो, इतकंच त्याचं काम.

सकाळी गाडी सुरू केल्यावर कूलंट पाच-सात मिनिटांत नव्वदला पोचतं. ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. चढावर उलटं होतं: कूलंट थर्मोस्टॅट आणि पंख्याच्या धाकात जागच्या जागी राहतं आणि ऑइल गुपचूप १२०-१३० च्या पुढे निघून जातं. म्हणून वेगळं मोजणं भाग आहे.

मोजायचे तीन मार्ग. पहिला फुकटचा: काही फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पडद्यावर ऑइलचं तापमान दिसतं. मेन्यू चाळून पाहावा, अनेकांना आपल्या गाडीत ही सोय आहे हेच माहीत नसतं.

दुसरा मार्ग ओबीडी जोडणीचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ यंत्र खोचून मोबाइलवर आकडे पाहता येतात. इथे एक मेख आहे. काही गाड्यांत ऑइलचा सेन्सरच नसतो, संगणक इतर आकड्यांवरून अंदाज बांधून तो दाखवतो. रिमॅपनंतर हा अंदाज चुकू शकतो, कारण तो मूळ ताकदीवर बेतलेला असतो. इंजिन गार असताना गाडी सुरू करून ऑइलचा आणि कूलंटचा आकडा शेजारी शेजारी पाहावा. दोन्ही हातात हात घालून चढत असतील, तर ऑइलचा आकडा मोजलेला नाही, बांधलेला आहे असा संशय घ्यावा.

तिसरा मार्ग वेगळा सेन्सर आणि वेगळं मीटर. इथे सेन्सर कुठे बसवला यावर सगळं अवलंबून आहे. ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी टी जोडून त्यात तापमानाचा सेन्सर बसवणं मेकॅनिकला सोपं जातं. पण त्या टीमध्ये ऑइल वाहत नाही, नुसतं साचून राहतं, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आपण निर्धास्त, आणि आत १३५.

चेंबरच्या ड्रेन नटच्या जागी बसणारा सेन्सर खरा आकडा देतो, पण तो गाडीचा सगळ्यात खालचा भाग होतो. आपल्या गावांतले गतिरोधक पाहता तो कधी ना कधी घासणार. सगळ्यात बरी जागा सँडविच प्लेटची. ही इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी जाडसर चकती, तिच्या अंगावर सेन्सरसाठी भोकं पाडलेली असतात. तिथून ऑइल सतत वाहत असतं. पुढे कूलर लावला, तरी सेन्सर कूलरकडे जाणाऱ्या बाजूलाच असावा. परतीच्या बाजूला बसवला, तर गार होऊन आलेलं ऑइल पाहून आपण खूश होतो.

सेन्सर बसला की लगेच काही विकत घेऊ नये. एक उन्हाळी दुपार निवडावी. कर्जतहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा रस्ता घाटाच्या मानाने सपाट, तिथवर ऑइल नीट तापू द्यावं. मग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढावा. शेजारी बसलेल्याने आकडे लिहावेत: खोपोली सोडताना, शिंगरोबाच्या देवळापाशी, आणि खंडाळ्याला पोचल्यावर. गाडी नेहमीसारखी, कायद्याच्या वेगात चालवावी. ही शर्यत नव्हे, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. बाहेरचं तापमान, एसी चालू की बंद, माणसं किती, हेही लिहून ठेवावं. पुढे कुठलाही उपाय केला की हीच फेरी पुन्हा मारायची. ही वही नसेल, तर पुढचा प्रत्येक खर्च अंदाजपंचे.

आकड्यांचा अर्थ

ऐंशीच्या खाली ऑइल अजून तयार नाही. त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जायलाही उष्णता लागते. ९० ते ११० हा सुखाचा पट्टा. चढावर १२० पर्यंत गेलं आणि वर पोचल्यावर पाचेक मिनिटांत उतरू लागलं, तर चांगल्या सिंथेटिक ऑइलला त्याचं काही नाही.

१३० ला लक्ष द्यावं. १३५ च्या पुढे पाय हलका करावा. चांगलं ऑइल १४०-१५० अंशही थोडा वेळ सोसतं, पण तिथे रोजचा मुक्काम ठेवू नये.

का, ते समजून घ्यायला हवं. ऑइल तापलं की पातळ होतं आणि बेअरिंगमधला त्याचा थर विरळ होतो. दुसरं, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते सडतं, आणि हा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. ११० ऐवजी १४० वर चाललेलं ऑइल तेवढ्याच वेळात आठपट झिजतं. दहा हजार किलोमीटरचं ऑइल हे म्हणून फक्त साध्या वापरातल्या साध्या गाडीचं गणित आहे.

तापमानाबरोबर ऑइलचा दाब दाखवणारं मीटर असेल तर फारच उत्तम. जुना ठोकताळा असा, की तापलेल्या इंजिनात दर हजार आरपीएममागे निदान १० पीएसआय दाब हवा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा भरवशाचा नाही. तो दाब जवळजवळ संपल्यावरच पेटतो.

दोन घाट, दोन रोग

खोपोलीचा घाट आणि नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याला जाणारा घाट, दोन्ही आपल्या अंगणातले. पण ऑइल दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणांनी तापतं.

बोरघाटात वेग असतो, त्यामुळे जाळ्यांतून हवा वाहते. तिथे ऑइल तापतं ते सलग भारामुळे. अशा ठिकाणी ऑइल कूलर कामी येतो. पण शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर कंटेनरमागे रांग लागली, की तोच घाट दुसऱ्या प्रकारचा होतो.

नेरळ-दस्तुरी रस्ता खडा आणि वळणांचा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा-वीस किलोमीटरने, इंजिन भरात आणि हवा शून्य. तिथे बंपरमागे कितीही मोठी जाळी लावली तरी तिच्यातून वाहायला वारा नाही. पंखा लागतो, किंवा धीर लागतो. तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या साध्या, बिनटर्बोच्या गाड्या दिवसभर वर-खाली करतात आणि वाढीव ताकदीची गाडी दस्तुरीला वास मारत पोचते, यात नवल काहीच नाही.

आणखी एक फरक, बहुतेकांच्या ध्यानात न येणारा. घाट चढून वर पोचल्यावर आपण लगेच थांबतो: खंडाळ्याला चहाला, दस्तुरीला पार्किंगमध्ये. टर्बो तेव्हा सगळ्यात जास्त तापलेला असतो. किल्ली फिरवली की ऑइलचा प्रवाह थांबतो, आणि टर्बोच्या दांड्याभोवती अडकलेलं ऑइल जागेवर करपून त्याचा कोळसा धरतो. हाच कोळसा पुढे टर्बोची ऑइलची नळी चोंदवतो. शेवटचा अर्धा किलोमीटर पाय हलका ठेवावा आणि थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्यावं. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो. पार्किंगमध्ये बंद गाडीतून घूं असा आवाज येतो तो त्याचा, तेव्हा घाबरून बॅटरी काढू नये.

उतरताना मात्र याची गरज नाही. खंडाळ्याहून खोपोलीला येईपर्यंत गिअरवर गाडी रोखलेली असते, इंधन जवळपास बंद असतं, टर्बो आपोआप निवतो. खाली आल्यावर लगेच इंजिन बंद केलं तरी चालतं.

चालवण्याची रीत

पहिली दहा मिनिटं गाडीला जोर देऊ नये. कर्जत स्टेशनाजवळून निघणाऱ्याला हे सोपं आहे, घाट येईतो ऑइल तयार होतं. खोपोलीतच राहणाऱ्याची पंचाईत होते: घराबाहेर पडलं की चढ सुरू. त्यांनी गावातून आधी सपाटीला एक चक्कर मारून मग चढाला लागावं.

चढावर वरच्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी रेटू नये. पुणे-मुंबई करणारे डिझेलवाले ही सवय लावून बसलेले असतात. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात अशा वेळी इंधन-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, त्याचा एक जोरदार दणका पिस्टनची रिंग तोडायला पुरतो. रिमॅपने खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवलेला असेल तर धोका अधिक. एक गिअर खाली घेऊन अडीच ते साडेतीन हजारांवर चढावं. आवाज वाढतो, पण ऑइलचा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतो.

कर्जतला रेल्वेगाड्यांमागे बँकर इंजिनं जोडून त्या घाटावर ढकलत नेतात हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. रेल्वेने सदतिसाला एक या चढासाठी एका इंजिनावर भार टाकला नाही. आपल्या एक लिटरच्या इंजिनाकडून मात्र आपण पाच माणसं, एसी आणि वर ओव्हरटेक मागतो.

ऑइल कुठलं, किती

डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा, आपल्याकडे गौण. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. तीसपेक्षा चाळीस दाट.

पण बेअरिंगची खरी कसोटी १५० अंशांवर आणि जोरदार घर्षणात लागते. त्या परीक्षेचा आकडा, एचटीएचएस, ऑइल कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. बऱ्याच तीसच्या ऑइलमध्ये तो २.९ ते ३.५ च्या मध्ये असतो. रिमॅप केलेल्या, घाटात राबणाऱ्या गाडीसाठी ३.५ किंवा त्याहून जास्त असलेलं ऑइल घ्यावं. एसीईए ए३/बी४ असा शिक्का असेल तर ही अट पूर्ण झालेली असते. शिवाय एपीआय एसपी हा दर्जा असल्यास वर सांगितलेल्या अवेळी पेटण्याच्या दणक्यापासूनही संरक्षण मिळतं. हा दर्जा २०२० पासून सुरू झाला.

मात्र आधी गाडीचं पुस्तक उघडावं. कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात हौसेने वीसवरून थेट पन्नासावर उडी मारू नये. अति दाट ऑइल अरुंद वाटांमधून हळू वाहतं, स्वतःच जास्त तापतं. एक पायरी वर, त्याहून जास्त नाही.

पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेवावी, खुणेच्या वर नाही. कमी ऑइल म्हणजे प्रत्येक थेंबाला विश्रांती कमी. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करते, आणि फेसाला ना वंगण करता येतं ना उष्णता नेता येते. रिमॅप केलेल्या, घाटात राबणाऱ्या गाडीत ऑइल पाच हजार किलोमीटरला बदलणं ही महागडी चैन नाही. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर तेही लवकर बदलण्याचंच कारण.

कूलर घेण्याआधी

बऱ्याच टर्बो गाड्यांत कंपनीचा छोटा ऑइल कूलर आधीपासूनच असतो, फिल्टरजवळ, कूलंटच्या पाण्यावर चालणारा. म्हणजे कूलंट गार तर ऑइल गार. म्हणून आधी तिकडे पाहावं: कूलंट जुनं आहे का, विहिरीचं पाणी ओतलं आहे का, रेडिएटरच्या पात्यांमध्ये चिखल, पिसं, किडे बसले आहेत का. खालापूरच्या पट्ट्यात कारखाने आणि ट्रक यांची धूळ भरपूर. पाइपने हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूने पुढे, धुवून काढावं. जोराच्या प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि मग हवा कायमचीच अडते.

बंपर आणि रेडिएटर यांमधल्या फटी हा दुसरा, फुकटचा उपाय. हवा आळशी असते, जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटते. या फटी फोमच्या किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात. इंजिनाखालचं प्लास्टिकचं झाकण गतिरोधकाला लागून तुटलं म्हणून काढून टाकलं असेल तर परत बसवावं. ते नसलं की बोनेटखालची हवा बाहेर खेचली जात नाही. पुढे दोन-दोन फॉगलँप आणि भलीमोठी नंबरप्लेट हवेच्या तोंडावर असेल तर तीही हलवावी. इथवर येऊन वहीतली फेरी पुन्हा मारावी. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच होतं.

कूलर बसवायचाच तर

आता खरोखर गरज असेल तर वाऱ्यावर चालणारा ऑइल कूलर. यात सँडविच प्लेट, दोन होज पाइप आणि आडव्या नळ्यांची जाळी येते. जाळीचा आकार नळ्यांच्या ओळींवरून सांगतात. रस्त्यावरच्या लहान गाडीला १३ ते १६ ओळी पुष्कळ झाल्या. २५ ओळींची जाळी कर्जतच्या पावसात ऑइलला ऐंशीही गाठू देणार नाही.

थर्मोस्टॅट असलेलीच प्लेट घ्यावी. ऑइल ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर आलं की हा झडपेचा तुकडा कूलरची वाट उघडतो, त्याआधी ऑइल जवळच्या वाटेने परत पाठवतो. स्वस्त किटमध्ये हा तुकडा वाचवलेला असतो. कंपनीचा मूळ कूलर काढून टाकू नये, तो सकाळी ऑइल लवकर तापवायलाही मदत करतो. आपल्या गाडीत वरून झाकण असलेला कागदी फिल्टर असेल तर साधी प्लेट बसणारच नाही, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. पैसे देण्याआधी हे पाहून घ्यावं.

जाळीच्या नळ्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही. जाळी रबरी बुशांवर बसवावी. घट्ट आवळली तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिच्या वेल्डिंगला चीर पडते.

सगळ्यात जास्त घोटाळा होज पाइपमध्ये होतो. पेट्रोलचा साधा रबरी पाइप आणि जुबिली क्लिप लावून काम उरकलेलं दिसतं. थंड ऑइलच्या सुरुवातीच्या दाबाला ते टिकत नाही. पाइप सुटला तर चेंबर काही सेकंदांत रिकामा होतो, आणि ते ऑइल लालबुंद टर्बोवर पडलं तर आग लागते. ऑइलसाठीचा, १५० अंशांना टिकणारा पाइप आणि त्याची पेचाची फिटिंगच वापरावी. स्टीलच्या जाळीचा पाइप दिसायला छान, पण तो ज्याला घासतो त्याला करवतीसारखा कापतो. जिथे घासेल तिथे वरून रबराचं वेष्टण चढवावं.

पाइप ग्राइंडरने कापला असेल तर आतला कीस आणि रबराचे कण धुवून, हवा मारून काढावेत. जुन्या बाजारातला वापरलेला कूलर कधीच घेऊ नये. ज्या इंजिनाचा तो होता ते कशाने गेलं हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि बेअरिंगचे धातूचे कण त्या नळ्यांतून कितीही धुतले तरी पुरते निघत नाहीत.

बसवून झाल्यावर कूलर आणि नवा फिल्टर आधी ऑइलने भरावा. इंधनाच्या पंपाचा फ्यूज काढून, इंधन बंद ठेवून, दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. मगच इंजिन चालू करावं. दोन मिनिटांनी बंद करून पातळी पाहावी, कूलर-पाइपांत अर्धा लिटरभर ऑइल गेलेलं असतं. पहिल्या घाटफेरीनंतर प्रत्येक सांधा कोऱ्या टिश्यूने पुसून पाहावा. टिश्यू खोटं बोलत नाही.

पावसाळा

जूनपासून प्रश्न उलटतो. कर्जतचा पाऊस आणि ऑफिस-स्टेशन अशा छोट्या फेऱ्या, यात ऑइल तापतच नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर दिसतो. तो पाहून हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन उघडायला लावू नये. कूलंटची पातळी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर ती नुसती साचलेली वाफ आहे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की जाते. कूलरच्या निम्म्या जाळीवर पावसाळ्यापुरता ॲल्युमिनियमचा पत्रा लावणंही चालतं. ऑक्टोबरात तो काढायला मात्र विसरू नये. भातखाचरांच्या रस्त्यांवरचा लाल चिखल जाळीत वाळला की विटेसारखा होतो, तोही तेव्हाच धुवावा.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅप केल्याने किंवा डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप, बदलल्याने वॉरंटी जाते, शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. खर्च करण्याआधी हा हिशेबही मांडावा.

घाटात आकडा चढला तर

मीटर १३५ दाखवतंय आणि मागे ट्रक आहेत. घाबरून इंजिन बंद करू नये. पाय सैल सोडावा, डावीकडची रांग धरावी, एसी बंद करावा, गिअर असा ठेवावा की इंजिन कुंथणार नाही. जमल्यास हीटर पूर्ण सोडावा: घामाघूम होऊ, पण कूलंटची उष्णता आत खेचली जाते आणि त्यामागोमाग ऑइलही उतरतं. मिनिट-दोन मिनिटांत आकडा खाली यायला हवा.

लाल दिवा पेटला, किंवा प्रेशरचा काटा पडला, तर याच्या बरोबर उलट: त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेलं ऑइल इंजिनाला अजून वाचवत असतं, दाब गेलेलं ऑइल नाही.

एकदा १५० च्या आसपास गेलेलं ऑइल किलोमीटर न पाहता फिल्टरसकट बदलावं. काढताना ते स्वच्छ पांढऱ्या डब्यात घ्यावं आणि उन्हात तिरकं धरून पाहावं. तळाशी सोनेरी किंवा रुपेरी चमक दिसली तर ती बहुधा बेअरिंगची आहे. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोइंग व्हॅनवर चढवून न्यावी.